विहिरीचे पाणी तपासायचे कोणी?



आपल्या जोयडा तालुक्यातील माणसाला पाण्याबद्दल विचारले की तो आधी पाणी किती आहे ते सांगतो. मार्चमध्ये झरा बारीक होतो का, मे महिन्यात विहिरीत किती हात पाणी उरते, घरच्या बाईला कळशी घेऊन किती चढ चढावा लागतो, हे सारे त्याला तोंडपाठ असते. पण पाणी कसे आहे असे विचारले तर उत्तर ठरलेले. ‘डोंगरातले वाहते पाणी, त्याला काय होणार?’ हे उत्तर आपल्या वाडवडिलांपासून चालत आले आहे, आणि आज आम्हाला त्याच्याबद्दलच बोलायचे आहे.

आपला तालुका पाण्याच्या उगमाचा. काळी नदी डिग्गीच्या रानात जन्म घेते आणि गणेशगुडीला सुपे धरणात अडते. ज्या सुपे गावाच्या नावाने पूर्वी हा तालुका ओळखला जाई ते गाव त्याच पाण्याखाली गेले. दांडेलीच्या खाली कारखान्यांच्या सांडपाण्याने नदी बिघडते असे आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो, आणि बिघडलेले पाणी म्हणजे खालच्यांचे दुखणे अशी आपली समजूत झाली. आपण वरच्या अंगाला राहतो हे खरे. पण त्याचा अर्थ एवढाच की आपल्या बहुतेक वाड्यांच्या विहिरीत आणि झऱ्यात जी घाण येते ती दुसऱ्या कोणी पाठवलेली नसते. ती आपल्याच गोठ्यातली, आपल्याच परसातली, आपल्याच कुळागरातली असते. आणि धरण कितीही मोठे असले तरी डोंगरावरच्या वाड्यात प्यायला येते ते पाणी झऱ्याचे, विहिरीचे किंवा बोअरचे.

पाण्यातून येणारे मोठे रोग म्हणजे पटकी, विषमज्वर, हगवण, कावीळ आणि लहान मुलांचे जुलाब. या सगळ्यांचे मूळ एक आहे : माणसाची विष्ठा पाण्यात मिसळणे. ती इतकी थोडी मिसळली तरी पुरते की पाण्याचा रंग, वास, चव काही बदलत नाही. म्हणून डोळ्यांनी पाणी पारखण्याची आपली जुनी रीत इथे लंगडी पडते. गढूळ पाणी आपण गाळतो, निवळतो, नाक मुरडतो. काचेसारखे दिसणारे पाणी मात्र तसेच मुलाच्या ओठाला लावतो.

वडीलधाऱ्यांना नारू आठवत असेल. पायातून पांढऱ्या दोऱ्यासारखा जंत बाहेर यायचा आणि माणूस ऐन पेरणीत अंथरुणाला खिळायचा. तो येत असे पायऱ्यांच्या विहिरीतून. ज्याच्या पायात नारू तोच पाण्यात उतरे, जंताची पिल्ले पाण्यात पडत, आणि ती ज्या बारीक पाणपिसवांत वाढत त्या पाण्याबरोबर पुढच्या माणसाच्या पोटात जात. महाराष्ट्र व कर्नाटक ही दोन्ही राज्ये या रोगाच्या यादीत होती. १९८०च्या दशकात देशभर मोहीम निघाली. पायऱ्या बंद केल्या, पाणी फडक्याने गाळायला शिकवले, आणि गावोगाव फिरून रोगी शोधले. देशातला शेवटचा रोगी १९९६ साली सापडला, आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. या कामात लस नव्हती, रोग बरा करणारे औषधही नव्हते. पाण्यावर पाळत होती, आणि तीच पुरली.

आता उलट बाजू पाहा. १९५५ साली दिल्लीत यमुनेला पूर आला आणि पुरानंतर शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या नाल्याचे पाणी मागे हटून नळयोजनेच्या तोंडापर्यंत पोचले. पाणी खात्याने धोका ओळखून क्लोरीन वाढवले. विषमज्वर किंवा पटकीची साथ आली नाही. पण काही आठवड्यांनी कावीळ फुटली आणि सुमारे २९,३०० माणसे पिवळी पडली. पुढे जपून ठेवलेले रक्ताचे नमुने तपासले तेव्हा ही आज ज्याला हेपेटायटिस ई म्हणतात ती कावीळ होती असे कळले. गरोदर बाईला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ही कावीळ जिवावर बेतते. ज्या घरात बाळंतपण जवळ आले आहे त्या घराने पावसाळ्यात पाणी खळखळून उकळल्याशिवाय त्या बाईला देऊ नये, तपासणीचा निकाल काहीही असो.

सरकार पाणी तपासत नाही असे कोणी म्हणू नये. २०१९ साली जलजीवन मिशन सुरू झाले. आपल्या राज्यात ‘मने मनेगे गंगे’ या नावाने ते ओळखले जाते, आणि दर माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने घरात पोचवावे असे त्याचे माप आहे. त्याच योजनेत पाण्याच्या तपासणीची दोन वेगळी कामे ठरवली आहेत. एक पाणी पुरवणाऱ्या खात्याचे : त्याने प्रत्येक स्रोताचे पाणी प्रयोगशाळेत पाठवायचे, रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा, पावसाळ्याआधी व पावसाळ्यानंतर. दुसरे गावाचे : प्रत्येक गावात पाच जणींना शिकवून त्यांच्या हाती तपासणीची पेटी द्यायची. पाणी पुरवणाऱ्यानेच पाण्याला चांगले म्हणावे एवढे पुरत नाही, पिणाऱ्यानेही आपल्या हाताने बघावे, हा त्यामागचा विचार आहे, आणि आमच्या मते तो अगदी बरोबर आहे. दूध डेअरीत घातले की फॅट आपल्यासमोर काढायला लावतो, मग पाण्यालाच सवलत का?

पण ही व्यवस्था मुख्यतः सरकारी नळाची आणि सरकारी बोअरची. रानातल्या झऱ्याला तुम्ही स्वतः पाइप लावून पाणी घरी आणले असेल, किंवा विहीर तुमच्या आजोबांनी खणलेली असेल, तर तिची चौकशी करायला आपणहून कोणी येईलच असे नाही. जिथे चार घरे या टेकडीवर आणि तीन घरे त्या खोऱ्यात, अशा आपल्या तालुक्यात असे खाजगी पाणी पिणारी घरे थोडी नाहीत. ग्रामपंचायतीत जाऊन पेटी कोणाकडे आहे, कोणत्या बायका शिकलेल्या आहेत, हे पीडीओंना विचारावे. बहुतेक वेळा त्या आपल्याच शेजारच्या, आशा किंवा अंगणवाडीच्या बाई असतात. खाजगी विहिरीचे पाणी सरकारी प्रयोगशाळेतही थोडक्या शुल्कात तपासून घेता येते. या योजनेखाली त्या प्रयोगशाळा सर्वांना खुल्या केल्या आहेत.

त्या पेटीबरोबर मिळणारी एक बाटली आम्हाला फार मोलाची वाटते. तिला एच-टू-एस बाटली म्हणतात. ती आपल्याच देशात तयार झाली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य व राव या तिघांनी १९८२ साली तिची रीत प्रसिद्ध केली. खेड्यात ना वीज, ना प्रयोगशाळा, मग विष्ठेचे दूषण ओळखायचे कसे, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. बाटलीत औषधात भिजवून वाळवलेला कागद असतो. पाणी खुणेपर्यंत भरायचे, झाकण लावायचे आणि उबदार जागी ठेवायचे. आतड्यात राहणारे बरेच जंतू वाढताना कुजक्या अंड्याच्या वासाचा गंधकी वायू सोडतात, तो कागदातल्या लोहाशी मिळतो आणि पाणी काळे होते. बाटली एक ते दोन दिवस पाहायची. काळी झाली तर पाणी पिण्यास अयोग्य. जितक्या लवकर काळी होईल तितके दूषण जास्त असण्याचा संभव. पावसाळ्यात आपल्याकडे गारवा असतो, तेव्हा बाटली चुलीपासून हात दोन हात अंतरावर, उबेत पण चटका बसणार नाही अशी ठेवावी. गारठ्यात राहिलेली बाटली खोटा दिलासा देते.

पाणी भरतानाही शिस्त हवी, नाहीतर विहिरीची नव्हे तर आपल्या बोटांची तपासणी होते. हात साबणाने धुवावेत. नळाचे पाणी असेल तर दोन-तीन मिनिटे वाहू द्यावे. बाटलीच्या तोंडाला आणि झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लावू नये. विहिरीचे पाणी रोजच्या पोहऱ्यानेच काढावे, कारण पिण्यात येते ते त्याच पोहऱ्याचे पाणी. आणखी एक गोष्ट. एक बाटली विहिरीची भरली तर दुसरी घरातल्या हंड्याची भरा. विहीर स्वच्छ आणि हंडा काळा असे निघाले तर दोष विहिरीत नाही, हंड्यात बुडणाऱ्या तांब्यात आणि हातात आहे. लांब दांड्याची पळी किंवा तोटीचे भांडे घेतल्याने तो दोष जातो आणि विहिरीत औषध टाकण्याचा खर्च वाचतो.

काळी झालेली बाटली अंगणात ओतू नये. तिच्यात जंतूंची पैदास झालेली असते. तिच्यात ब्लीचिंग पावडरचे पाणी घालून काही वेळ ठेवावे आणि मग माणसांच्या, गुरांच्या वाटेपासून दूर खड्ड्यात पुरावे.

या बाटलीच्या मर्यादाही ऐका. मातीतले काही निरुपद्रवी जंतूही कधी तिला काळे करतात. उलट काविळीचे विषाणू ती दाखवत नाही. शिवाय ती त्या एका दिवसाचे सांगते. एप्रिलमध्ये स्वच्छ निघालेला झरा जूनच्या पहिल्या धुवाधार पावसानंतर तसाच राहील याची हमी ती देत नाही. म्हणून बाटली हाती असली तरी डोळ्यांचे काम संपत नाही. फक्त डोळे पाण्याकडे नव्हे, पाण्याच्या भोवती फिरवायचे.

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी विहिरीचे, झऱ्याचे, नळाचे वेगवेगळे साधे कागद केले आहेत. दहाएक प्रश्न, उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’, आणि जितके ‘होय’ तितका धोका मोठा. आपण आपल्या पद्धतीने तेच करू. विहिरीपासून १५ मीटरच्या, म्हणजे ५० फुटांच्या आत शौचालय, शोषखड्डा किंवा उकिरडा आहे का? वरच्या अंगाला गोठा आहे का? आपल्याकडे जांभ्या दगडाच्या भेगांतून पाणी झरझर जाते, म्हणून चढाच्या बाजूला १५ मीटरही पुरेसे समजू नयेत, जागा असेल तर दुप्पट सोडावी. विहिरीला कठडा आहे का, निदान ७० सेंटिमीटर उंच? भोवती मीटरभर रुंद पक्का ओटा आहे का, की सांडलेले पाणी त्याच चिखलातून पुन्हा आत झिरपते? ओट्यावर कपडे धुतात का? पोहरा जमिनीवर लोळतो का? वर झाकण किंवा निदान जाळी आहे का? आतले वरचे बांधकाम सुटून त्यातून पावसाचे पाणी थेट पडते का?

झऱ्याचे प्रश्न निराळे. झऱ्याच्या डोळ्याशी, म्हणजे जिथे पाणी जमिनीतून बाहेर येते तिथेच, ते दगडी किंवा काँक्रीटच्या पेटीत झाकून घेतले पाहिजे. दोन हात वाहिल्यानंतर पकडलेले पाणी म्हणजे ओहोळाचे पाणी. त्यात पालापाचोळा, गुरांचे शेण, रानडुकरांची लोळण सारे येते. पेटीच्या वरच्या अंगाला, आठ-दहा मीटरवर, एक आडवा चर खणावा म्हणजे पावसाचे लोंढे बाजूने निघून जातील. काटेरी कुंपण घालावे. वर्षातून एकदा पेटी उघडून गाळ काढावा. हे काम चार घरांनी मिळून एका सकाळी होते. आमचा अनुभव असा की आपल्याकडे पाइपला पैसे निघतात, पण झऱ्याच्या पेटीला सिमेंटची दोन पोती निघत नाहीत.

रसायनांबद्दल थोडक्यात. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आय.एस. १०५०० हे आहे. जंतूंच्या बाबतीत त्याचा नियम कडक आहे : १०० मिलिलिटर पाण्यात विष्ठेचे निदर्शक जंतू एकही आढळता कामा नये. पीएच म्हणजे आंबटपणाचे माप ६.५ ते ८.५ असावे. जांभ्याच्या मुलखातले पाणी बहुधा याहून थोडे आंबट असते. ते पिऊन कोणी आजारी पडत नाही, पण ते लोखंडी पाइप खाते आणि तांब्या-पितळेच्या भांड्यात रात्रभर राहिले तर धातू उचलते. लोह लिटरमागे १ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्याहून वाढले की पाण्यावर तांबूस साय येते, भात पिवळट दिसतो. ते हवेशी खेळवून वाळूतून गाळले की बरेच कमी होते. मँगनीजची मर्यादा ०.१ मिलिग्रॅम, दुसरा स्रोत नसेल तर ०.३. आपल्या सुपे भागात पूर्वी मँगनीजच्या खाणी होत्या. त्या बाजूला कोणाच्या पाण्याने कपड्यांवर काळपट डाग पडत असतील किंवा पाइपात काळा गाळ धरत असेल, तर त्यांनी मँगनीजची तपासणी मुद्दाम मागून घ्यावी.

शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने बिघडवलेली गोष्ट म्हणजे नायट्रेट. मर्यादा ४५ मिलिग्रॅम, आणि यात सवलत नाही. युरिया आणि शेणखताचा अंश पावसाबरोबर जमिनीत उतरतो. मोठ्या माणसाला सहसा काही वाटत नाही, पण बाटलीचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने घटते आणि बाळ निळे पडते. इथे उकळण्याचा उपाय उलटा पडतो. पाणी आटते, नायट्रेट तितकेच राहते, म्हणजे उरलेले पाणी जास्त तीव्र होते. अशा बाळासाठी दुसऱ्या विहिरीचे पाणी आणावे. आणि सुपारीवर कोळे रोगासाठी मारायचे बोर्डो मिश्रण! मोरचूद आणि चुना विहिरीच्या ओट्यावरच कालवणारे, तिथेच पंप धुणारे लोक आहेत. पाणी जवळ पडते हे खरे, पण कालवायचे पिंप विहिरीपासून लांब, उताराच्या बाजूला ठेवावे आणि पाणी तिथे नेऊन घालावे.

बाटली काळी झाली तर काय करायचे? पहिले म्हणजे त्याच दिवसापासून पाणी उकळून प्यायचे. दुसरे, भोवतालचा दोष शोधून दूर करायचा. मग विहिरीत ब्लीचिंग पावडर. इथे ‘मूठभर टाकली’ असे चालत नाही, हिशेब लागतो. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा. त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने गुणा, ३.१४ने गुणा आणि ४ने भागा. आलेल्या आकड्याला हजारने गुणले की लिटर मिळतात. ३ मीटर व्यासाच्या विहिरीत २ मीटर पाणी असेल तर ते सुमारे १४,१३० लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम ताजी पावडर या मापाने ३५ ग्रॅम झाले. तीच विहीर जुलैत ५ मीटर भरली की पाणी ३५,३२५ लिटर होते आणि पावडर ८८ ग्रॅम लागते. मे महिन्यातली पुडी जुलैत टाकणारा निम्म्याहून कमी औषध टाकतो. दुकानात एकदा वजन करून एक डबी नेमून ठेवावी. पाणी गढूळ असेल तर औषध चिखलातच खर्ची पडते, म्हणून आधी ते निवळू द्यावे.

पावडर बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशी करावी, मग बादली पाऊण भरून ढवळावी. एका बादलीत १०० ग्रॅमहून जास्त नको. पाच-दहा मिनिटांत चुना तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीने विहिरीत सोडावी आणि खालीवर, आजूबाजूला हलवावी. चुना विहिरीत टाकू नये, त्याने पाणी कठीण होते. हे काम रात्री, सगळ्यांचे पाणी भरून झाल्यावर करावे. निदान एक तास पाणी काढू नये. सकाळी पेटीतल्या औषधाने उरलेला क्लोरीन पाहावा. औषध टाकून तासाने लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम असला तर काम झाले. नळाच्या टोकाला निदान ०.२ हवा. अजिबात न दिसला तर पावडर जुनी किंवा माप कमी. ताज्या पावडरीत क्लोरीन सुमारे ३३ टक्के असतो, पण उघड्या पोत्यात, ओल्या कोपऱ्यात तो उडून जातो आणि आपण नुसता चुना टाकत राहतो. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात, अंधारात, मुलांच्या हाताबाहेर ती ठेवावी.

लग्नाच्या रोसाला, चर्चच्या फेस्ताला, जिथे शंभर-दोनशे पाने एका विहिरीवर बसतात, तिथे दोन-तीन दिवस आधीच बाटली लावावी. निकाल यायला वेळ लागतो आणि त्यानंतर औषध टाकायला एक रात्र हवी.

नमुना कारवारच्या प्रयोगशाळेत पाठवायचा तर अणशी घाट उतरावा लागतो, म्हणून आधी चौकशी करून त्यांच्याकडचीच निर्जंतुक बाटली आणावी. बर्फात ठेवलेला नमुना शक्य तर सहा तासांत, फार तर २४ तासांत पोचावा. पहाटेच्या गाडीने माणूस निघणार असेल तरच भरावा.

एक शंभर पानी वही विहिरीच्या नावाने घालावी. तारीख, पाऊस होता की नाही, बाटली किती तासांत काळी झाली किंवा नाही, पावडर किती ग्रॅम टाकली, आणि त्या पंधरवड्यात वाड्यात कोणाला जुलाब, ताप किंवा कावीळ झाली का. एवढे पाच रकाने पुरेत. पहिली नोंद मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, दुसरी जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर चार दिवसांनी, तिसरी ऑक्टोबरात पाऊस उघडल्यावर. वही शाळेत जाणाऱ्या मुलीच्या हाती द्यावी. गणित तिला येते, आणि ती विसरत नाही.